ज्यांनी माझ्या लग्नाला सही दिली नाही, त्यांची मी निवडणूक प्रतिनिधी झाले

१५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "मी अपक्ष उभा राहतोय. निवडणूक प्रतिनिधी म्हणून तुझं नाव देऊ का?"

मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. निवडणूक प्रतिनिधी म्हणजे उमेदवाराच्या वतीने कागद आणि हिशेब सांभाळणारा माणूस. प्रत्यक्षात सांगायला पाच दिवस लागले.

सर म्हणजे माझे शाळेतले गणिताचे शिक्षक. निवृत्तीनंतर गेली बारा वर्षं ते आमच्या ग्रामीण रुग्णालयामागे लागले आहेत. तीस खाटांचं रुग्णालय, इमारत धडधाकट, शस्त्रक्रियागृह बांधलेलं, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी. सिझेरियन करायचं म्हटलं की बाईला रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं. माझ्या वहिनीला तसंच नेलं होतं. बाळ वाचलं, पण गाडीतला तो दीड तास आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही. सरांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून करून प्रत्येक रिक्त पदाचा कागद मिळवला. एकदा रास्ता रोको केला, त्याचा गुन्हाही अंगावर घेतला. या प्रश्नावर एवढं काम केलेला दुसरा माणूस मला तालुक्यात माहीत नाही.

आणि याच सरांनी २००९ साली माझ्या लग्नाला साक्षीदार व्हायला नकार दिला होता.

माझा नवरा वेगळ्या धर्माचा. आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. नोटीस दिली, तीस दिवस ती कार्यालयाच्या फलकावर लागली. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र तयार झाले. तिसऱ्या सहीसाठी मी सरांकडे गेले, कारण आपल्या बाजूने उभं राहील असं मोठं माणूस मला दुसरं सुचेना. त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, "आईवडिलांची संमती नसलेल्या लग्नावर मी सही करणार नाही. तुला चूक म्हणत नाही, पण सही करणार नाही." आजही त्यांचं मत तेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली, तेव्हा मला राग आला होता आणि सरांनी जाहीर स्वागत केलं होतं.

त्यामुळे ते पाच दिवस सोपे नव्हते. मी सुरुवातीला स्वतःची समजूत घालत होते, की लग्नाबद्दलचं त्यांचं मत हा त्यांचा खाजगी विषय, आमदाराच्या कामाशी त्याचा काय संबंध. मग राज्यघटनेची सातवी अनुसूची काढून वाचली. कोणत्या विषयावर कोणी कायदा करायचा, ते तिच्यात असतं. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्य सूचीत, नोंद ६. विवाह आणि घटस्फोट समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या सूचीत, नोंद ५. म्हणजे दोन्ही विषयांवर विधानसभा कायदा करू शकते. उद्या लग्नाला आईवडिलांची संमती सक्तीची करणारं विधेयक आलं तर सरांचं मत मोजलं जाणार. संबंध होता. कोणाच्याही बाबतीत असा प्रश्न पडला तर हा एक कागद आधी वाचा, असं मी आता सगळ्यांना सांगते. आपला मतभेद त्या पदाच्या कामात येतो की नाही, हे अंदाजाने ठरवू नये.

नवऱ्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रुग्णालयाचं पटतं मला. पण त्यांच्या पत्रकावर तुझं नाव छापलेलं बघायला मला बरं वाटणार नाही. तरी तू ठरव." पुढचा महिनाभर तो यापेक्षा जास्त काही बोलला नाही आणि मीही त्याच्यावर काही लादलं नाही.

२० तारखेला सरांच्या घरी गेले आणि तीन गोष्टी मागितल्या. पत्रकात लग्नाच्या संमतीचा विषय येणार नाही. कोणी मला विचारलं तर मी माझं मत उघड सांगणार, तुमच्या मंचावर असले तरी. आणि प्रचारात कोणीही धर्माच्या नावाने मत मागणार नाही. सरांनी पहिली आणि तिसरी लगेच मान्य केली. दुसरीवर थोडे थांबले. "तू सांग. पण मला विचारलं तर मीही खरं सांगणार." मी म्हटलं, ते तुम्ही करालच, माहीत आहे मला. चौथी मागणी ओठावर होती, असं विधेयक आलं तर विरोधात मत द्या. ती मागितली नाही. मागितली असती तर ते नाही म्हणाले असते आणि मी उठून आले असते. हे बरोबर केलं का, अजून सांगता येत नाही.

सर माझ्याकडेच का आले, याचं साधं कारण होतं. मी एका खाजगी कंपनीत हिशेब बघते. सरांचा पुतण्या हुशार आहे, पण सरकारी नोकरीत. सरकारी नोकराला निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होता येत नाही, तो गुन्हा आहे. आणि अपक्षाची निवडणूक म्हणजे निम्मी हिशेबाचीच असते.

आता कागदांकडे येते. पहिल्यांदा उभं राहणारे जिथे अडतात ते एवढ्यासाठी लिहिते की आम्हीही तिथेच अडलो.

अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३, शेवटची तारीख २९. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं लागतं. जुनं खातं चालत नाही. आम्ही सर आणि मी असं संयुक्त खातं उघडलं. बँकेत दोन दिवस गेले, कारण सरांची जन्मतारीख दोन कागदांवर वेगळी होती. हे आधीच तपासून ठेवा.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार. प्रत्येकाचा मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अचूक हवा. आमच्या दहापैकी तिघांचे भाग क्रमांक ताज्या यादीत बदलले होते. ओळखपत्र जुनंच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका आजींना सही येत नव्हती. त्यांचा अंगठा घरी घेऊन चालत नाही, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उठवावा लागतो. आजी आल्या, जिना चढल्या, अंगठा देऊन म्हणाल्या, "डॉक्टर आणा म्हंजे झालं." एक उमेदवार चार अर्ज भरू शकतो. आम्ही दोन भरले, दोन्हीवर वेगळे दहा सूचक. एकात चूक निघाली तर दुसरा राहावा म्हणून. पहिल्या दहांत मी होते. भाग क्रमांक, अनुक्रमांक, सही. पेन टेकवताना २००९ ची ती दुपार आठवली. हात थरथरला वगैरे काही नाही, पण सही नेहमीपेक्षा सावकाश केली.

नमुना २६ चं शपथपत्र हे सगळ्यात वेळखाऊ. मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचं आयकर विवरण, गुन्हे, शिक्षण. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जिथे काही नाही तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून, सूचना मिळूनही कोरा ठेवलेला रकाना अर्ज बाद व्हायला पुरतो. नोटरीकडे जाण्याआधी मी तो तीन वेळा वाचला. सरांच्या हयातभराची मिळकत मला पाठ झाली. बहिणीच्या मुलीच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्जही त्यात होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

२८ तारखेला अर्ज दिला. अनामत १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. कार्यालयात उमेदवार धरून पाचच माणसं आत सोडतात. फोटो तीन महिन्यांच्या आतला लागतो. सरांनी आणलेला दहा वर्षांपूर्वीचा होता, म्हणून मी धावत स्टुडिओत गेले. शपथही तिथेच घ्यायची असते, अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी. आमच्या पुढचा एक उमेदवार शपथ न घेताच निघाला होता, शिपायाने जिन्यातून परत बोलावला. शपथ झाल्याचा दाखला मागून घ्या. त्याच दिवशी नमुना ८ दिला. त्यात उमेदवार प्रतिनिधी नेमतो आणि खाली प्रतिनिधी "मला ही नेमणूक मान्य आहे" म्हणून सही करतो.

३० ला छाननी, दोन्ही अर्ज वैध. ४ नोव्हेंबरला दुपारी ३ पर्यंत माघार आणि मग चिन्हं. मुक्त चिन्हांतून तीन पसंती दिलेल्या असतात. आमच्या पहिल्या पसंतीवर दुसऱ्या अपक्षाचाही दावा होता, चिठ्ठी त्याची निघाली. आम्हाला शिलाई मशीन मिळालं.

खर्चाची मर्यादा ४० लाख होती. आमच्याकडे सगळे मिळून साडेतीन लाख, त्यातले सव्वा लाख सरांचे स्वतःचे. खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात, पांढरी पानं रोजच्या हिशेबाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. पूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला रोखीने १०,००० पेक्षा जास्त देता येत नाही. खुर्ची, मंडप, चहा, सगळ्यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवलेले असतात. मंडपवाला ओळखीने फुकट खुर्च्या देतो, पण हिशेबात त्या दरपत्रकाच्या भावाने धराव्या लागतात. नोंदवही किमान तीन वेळा तपासून घ्यावी लागते. पहिल्या तपासणीत माझ्याकडे एका रिक्षावरच्या भोंग्याचं बिल नव्हतं, नोटीस आली. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी, असा नियम केला.

अंदाजात न धरलेला मोठा खर्च म्हणजे सरांवरचा रास्ता रोकोचा गुन्हा. प्रलंबित फौजदारी खटला असेल तर उमेदवाराला तो वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावा लागतो. माघारीनंतर पहिले चार दिवस, पुढचे पाच ते आठ आणि मग नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत, अशा तीन टप्प्यांत एकेकदा. आमचे बहात्तर हजार त्यात गेले. रुग्णालयासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाचा गुन्हा आम्ही पैसे भरून छापत होतो. मला वाईट वाटलं. सर मात्र म्हणाले, मतदाराला कळायलाच पाहिजे.

पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. प्रकाशक मीच. छापखान्याला प्रकाशकाचं घोषणापत्र द्यावं लागतं आणि त्यावर आपल्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या सह्या. दोन माणसं सहज मिळाली. पत्रकं घरी आली त्या दिवशी नवऱ्याने एक उचललं, उलटून माझं नाव वाचलं आणि जागेवर ठेवलं.

११ नोव्हेंबरची कोपरा सभा मात्र मला दिवसातून एकदा तरी आठवते. सरांचं बोलणं झाल्यावर मागून एक मुलगी उठली, असेल एकवीस-बावीसची. तिने विचारलं, "सर, मुलीने आपल्या मनाने लग्न केलं तर तुमचं काय म्हणणं?" सभा एकदम शांत झाली. सर म्हणाले, "माझ्या मते आईवडिलांची संमती पाहिजे. तुला आवडणार नाही, पण मत तेच आहे." काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. मी माईक मागितला. "मी सरांची निवडणूक प्रतिनिधी आहे. माझं लग्न आईवडिलांच्या संमतीशिवाय झालं, वेगळ्या धर्मात झालं, पंधरा वर्षं झाली. या मुद्द्यावर मी सरांच्या विरोधात आहे आणि ते निवडून आले तरी विरोधात राहीन. रुग्णालयाच्या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे, म्हणून इथे उभी आहे." त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्यावरून काही कळलं नाही. ती सभा संपायच्या आत निघून गेली. मी तिला थांबवायला हवं होतं.

त्या रात्री दोन कार्यकर्ते सोडून गेले, एक माझ्यामुळे आणि एक सरांमुळे. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आमच्याच एका मुलाने मजकूर फिरवायला घेतला, "आपल्या मुली वाचवायच्या तर सरांना मत द्या." खाली माझ्या नवऱ्याच्या धर्माचा उल्लेख. मी तो सरांसमोर ठेवला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ धर्माच्या नावाने मत मागणं भ्रष्ट आचार ठरवतं, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये त्याचा अर्थ आणखी व्यापक केला, हे सगळं मी वाचून गेले होते. त्यातलं काहीच बोलले नाही. नमुना ९ ची कोरी प्रत टेबलावर ठेवली. प्रतिनिधीची नेमणूक रद्द करण्याचा तो नमुना, त्यावर सही उमेदवाराची लागते. "हा मजकूर राहणार असेल तर यावर सही करा, सर."

सरांनी मजकूर दोनदा वाचला आणि त्या मुलाला फोन लावला. आवाज चढवला नाही. "माझं मत माझं आहे. ते या पोरीच्या घरावर फेकायला मी तुला दिलेलं नाही. आत्ता काढ, आणि ज्यांना पाठवलंस त्यांना माझ्या नावाने माफी पाठव." माफी गेली, मी स्वतः पाहिली. नमुना ९ मी घडी करून पिशवीत ठेवला आणि मतमोजणीपर्यंत तो पिशवीतच होता.

पाठिंबा द्यायचा तर अटी आधी बोलून घ्या आणि निघून जायचा रस्ता माहीत असू द्या. मला तो नमुना माहीत नसता तर त्या दिवशी मी रडत घरी गेले असते.

१८ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ ला प्रचार संपला. मतदान केंद्रं साडेतीनशेच्या आसपास, आम्हाला प्रतिनिधी मिळाले एकशे सात. नमुना १० मध्ये नेमणुका. त्यांना मी एकच गोष्ट घोकून सांगितली होती, पहाटे साडेपाचला पोचा. मतदान ७ ला सुरू होतं, पण दीड तास आधी अभिरूप मतदान होतं, किमान पन्नास मतं टाकून यंत्रातला आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवतात, मग सगळं पुसून सील करतात. ते डोळ्यांनी पाहायचं. आणि संध्याकाळी नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. त्यात एकूण मतांचा आकडा असतो, मोजणीला तोच जुळवायचा.

एक गोष्ट आमच्या हातून जवळजवळ निसटली. मतमोजणी प्रतिनिधींचा नमुना १८ मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत द्यायचा असतो. मोजणी २३ ला, म्हणजे मुदत बरोबर मतदानाच्याच दिवशी, २० ला. त्या धावपळीत कोणाच्या ध्यानात राहणार? मी पावणेपाचला पोचले. नावं आणि फोटो आदल्या रात्री तयार ठेवले म्हणून जमलं.

मतदान मी आणि नवऱ्याने एकत्र जाऊन केलं. त्याने कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

२३ ला सकाळी ८ ला टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. सहाव्या फेरीपर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. सरांना अकरा हजारांच्या थोडी वर मतं मिळाली, क्रमांक चौथा. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत की अनामत जाते, ती गेली. रुग्णालय ज्या गावात आहे तिथल्या चारही केंद्रांवर सर पहिले होते. ते आकडे मी त्यांना कागदावर लिहून दिले. त्यांनी खिशात ठेवले.

हरलेल्या माणसाचंही काम संपत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, नाहीतर आयोग तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. आमची मुदत २३ डिसेंबर. बिलं, बँकेचा उतारा, गोषवारा, शपथपत्र. आमचा एकूण खर्च तीन लाख बारा हजार झाला. मी १८ डिसेंबरला हिशेब दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

परत येताना सर गाडीत पुढे बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तेव्हा तिसरा साक्षीदार कोण मिळाला तुम्हाला?"

"कार्यालयाबाहेर टंकलेखनाचं मशीन घेऊन बसायचे ते काका. आमचे अर्ज त्यांनीच टाइप केले होते."

"त्यांचं नाव काय?"

मी सांगितलं. सरांनी ते एकदा स्वतःशी म्हटलं.

"मी आजही केली नसती सही."

"माहीत आहे, सर."

मग ते भूलतज्ज्ञाच्या जागेबद्दल बोलायला लागले. जाहिरात निघाली का, याचा माहितीचा अर्ज त्यांनी त्या आठवड्यात टाकला होता. उत्तराला तीस दिवस. संयुक्त खातं जानेवारीत बंद केलं, त्यात चारशे रुपये उरले होते.